खालचे दोन मीटर

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्या कुणालाही एक गोष्ट लवकर कळते. पोथीचे पहिले आणि शेवटचे पान सर्वांत आधी जाते. मधली पाने फळ्यांच्या आणि रुमालाच्या आत सुरक्षित राहतात. बाहेरच्या पानांना हातांचा घाम लागतो, ओल लागते, वाळवी लागते. त्यामुळे ग्रंथाचे मंगलाचरण आणि लेखनिकाचे नाव-गाव-शक सांगणारी पुष्पिका, म्हणजे ज्या दोन ठिकाणांवरून ग्रंथाची ओळख पटायची, नेमकी तीच नाहीशी होतात. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि पदव्युत्तर वर्गापुढे पाठचिकित्सेचा विषय निघाला की ही गोष्ट दरवर्षी सांगतो. पॅरिसमधल्या एका प्रार्थनामंदिराविषयी लिहायला आम्ही बसलो आहोत ते याच कारणाने. तिथे काचेची एक प्रचंड पोथी उभी आहे आणि तिचीही आरंभीची पाने हरवली होती. मात्र ती वाळवीने खाल्ली नव्हती. कागदपत्रे नीट ठेवता यावीत म्हणून माणसांनी ती काढली होती.

या प्रार्थनामंदिराचे नाव सँत-शापेल. सीन नदीच्या पात्रातील सिते बेटावर, एके काळच्या राजवाड्याच्या आणि आजच्या न्यायालयाच्या आवारात ते उभे आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याचे शिखर तेवढे दिसते. बाकीची इमारत न्यायालयाच्या भिंतींनी वेढलेली आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही तिथे गेलो, तेव्हा आधी रांग, मग सुरक्षा तपासणी, मग एक बुटके, निळ्या-सोनेरी रंगांनी मढवलेले तळघरासारखे दालन आणि तिथून वर नेणारा अरुंद चक्री जिना असा तो प्रवेश होता. खालचे दालन राजवाड्यातील सेवकवर्गासाठी, वरचे राजासाठी. चाकरांनी खाली आणि धन्याने वर उपासना करावी, ही विभागणी दगडातच घडवलेली आहे.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून वर आले की पहिल्यांदा जाणवते ते भिंतींचे नसणे. डोळ्यांसमोर फक्त काच असते. पंधरा उंच खिडक्या, त्यांच्यामध्ये दगडाचे सडपातळ खांब, आणि सुमारे वीस मीटर उंचीवर निळे छत. एवढा भार हे खांब एकटे पेलत नाहीत. बाहेरच्या बाजूला धिरे आहेत आणि दगडांच्या व काचांच्या आडून लोखंडी पट्ट्या इमारतीला कमरपट्ट्यासारखा वेढा घालतात. तेराव्या शतकातील गवंड्यांनी लोखंड लपवले आणि पाहणाऱ्याला प्रकाशच छत तोलून धरतो आहे असे वाटू दिले.

ही इमारत उभी राहिली ती एका वस्तूसाठी. येशूच्या मस्तकावर ठेवला गेला असे मानला जाणारा काटेरी मुकुट कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांच्या खजिन्यात होता. तिथला लॅटिन सम्राट दुसरा बाल्डविन कर्जात बुडाला आणि मुकुट व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण पडला. फ्रान्सचा राजा नववा लुई याने १,३५,००० लीव्र मोजून तो सोडवून घेतला. १२३९ च्या ऑगस्टमध्ये मुकुट पॅरिसला आला, तेव्हा राजा स्वतः अनवाणी चालत त्याला सामोरा गेला. त्यानंतर आणखी काही अवशेष आले आणि या सर्वांसाठी राजवाड्यात नवे मंदिर बांधायला घेण्यात आले. २६ एप्रिल १२४८ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले. बांधकामाचा खर्च ४०,००० लीव्र झाला, असे त्या काळच्या साक्षींतून समजते. म्हणजे आतल्या मुकुटासाठी इमारतीच्या तिपटीहून अधिक मोल मोजले गेले होते. सँत-शापेल ही मुळात एक मंजूषा होती, माणसांना आत शिरता येईल एवढी मोठी.

याच लुईच्या कारकिर्दीत, मंदिराची उभारणी चालू असतानाच, १२४२ च्या सुमारास पॅरिसमध्ये तालमूदच्या हस्तलिखितांची जाहीर होळी करण्यात आली. वीसहून अधिक गाडे भरून पोथ्या नदीपलीकडच्या ग्रेव्ह चौकात आणल्या गेल्या. छपाईपूर्व काळातील एवढ्या पोथ्या म्हणजे कित्येक लेखनिकांची आयुष्ये. पवित्र वस्तूसाठी काचेचे घर बांधणारा राजा आणि दुसऱ्यांच्या पवित्र ग्रंथांना आग लावू देणारा राजा हे दोन वेगळे पुरुष नव्हते. वारशाबद्दल बोलताना आपण जतनाची बाजू सांगतो आणि नाशाची बाजू गाळतो. या इमारतीत उभे राहून तसे करणे आम्हांला जमले नाही. काय जपायचे हे ठरवणारा हात काय जाळायचे हेही ठरवत असतो. अशा हाताला मोकळे सोडता येत नाही. त्याने केलेल्या निवडीची नोंद मागावी लागते.

आता त्या काचेच्या पोथीकडे. पंधरा खिडक्यांतून १,११३ प्रसंग रंगवलेले आहेत. उत्पत्तीच्या कथेपासून सुरुवात होते. मग मोशे, यहोशवा, शास्ते, राजे, संदेष्टे, येशूचे दुःखसहन, आणि शेवटी लुईने हे अवशेष पॅरिसला आणले त्याची कथा. म्हणजे ग्रंथाच्या शेवटी पोथी करवून घेणाऱ्या यजमानाचे नाव यावे तसे. पश्चिमेकडचे मोठे गोल गवाक्ष पंधराव्या शतकाच्या अखेरचे आहे. त्यात जगाच्या अंताची दृश्ये आहेत. बहुतेक खिडक्या वाचायच्या त्या खालून वर. कथेचा आरंभ तळाशी असतो आणि जसजशी कथा पुढे जाते तसतशी ती डोळ्यांच्या आवाक्याबाहेर जाते. वरच्या टोकाचे प्रसंग खाली उभ्या असलेल्या माणसाला ओळखता येणे जवळपास अशक्य आहे. तेराव्या शतकातही ते तसेच असणार. तरीही करणाऱ्यांनी तिथल्या चेहऱ्यांचे डोळे आणि वस्त्रांच्या चुण्या मन लावून रंगवल्या आहेत.

या इमारतीने मोडतोड पुष्कळ सोसली. १६३० च्या आगीत शिखर गेले. १६९० च्या पुरात खालच्या दालनातील जुन्या काचा गेल्या. अठराव्या शतकात राजवाड्याला लागलेल्या आगीनंतर न्यायालयाची नवी इमारत उत्तरेकडून इतकी जवळ आली की त्या बाजूचा उजेड कमी झाला. पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली. राजाचे खासगी मंदिर हे नव्या राज्याच्या दृष्टीने दुहेरी अपराधी होते. मुकुट ज्या मौल्यवान मंजूषेत होता ती वितळवली गेली, अवशेष विखुरले, पुन्हा बांधलेले शिखर उतरवले गेले, आणि या प्रकाशाच्या दालनाचे कोठार झाले. १८०३ पासून पुढची तीसहून अधिक वर्षे तिथे न्यायालयाचे दप्तर ठेवले जात होते. भिंतीलगत कपाटे उभी करता यावीत म्हणून खिडक्यांच्या खालच्या सुमारे दोन मीटर काचा काढण्यात आल्या.

आमच्यासारख्यांना अस्वस्थ करणारे आहे ते हेच. दप्तर जपणे हे काही पाप नव्हे. एरवी आम्हीच दप्तरखान्यांच्या दुरवस्थेबद्दल हळहळत असतो. इथे दप्तर जपले गेले, पण त्यासाठी चित्रकथांचे आरंभ काढून टाकले गेले. खिडक्या खालून वर वाचायच्या असल्यामुळे ते दोन मीटर म्हणजे प्रत्येक कथेचे पहिले पान होते. काढलेल्या काचांतील काही बाजारात गेल्या आणि हळूहळू परदेशी पोहोचल्या. आज काही तुकडे पॅरिसच्याच क्ल्यूनी संग्रहालयात, काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, तर काही थेट अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात पाहायला मिळतात. एकाच पोथीची पाने तीन शहरांत असावीत, असेच हे झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जीर्णोद्धार सुरू झाला आणि दोन दशकांहून अधिक काळ चालला. फेलिक्स द्युबाँ, त्याच्यानंतर जाँ-बाप्तिस्त लास्यूस आणि शेवटी एमिल बोसविलवाल्ड या वास्तुविदांनी तो पार पाडला. तरुण व्हियोले-ल-द्युकही काही काळ या कामावर होता. काचांसाठी बॅरन द गिल्येर्मी या अभ्यासकाने प्रत्येक खिडकीतील प्रसंगांचा क्रम तपासला, विस्कळीत झालेले तुकडे ओळखले, आणि बायबलच्या आधाराने कुठे काय असायला हवे हे ठरवले. मग कारागिरांनी तेराव्या शतकाच्या धाटणीत नव्या काचा घडवल्या. त्या इतक्या बेमालूम आहेत की साध्या डोळ्यांना फरक कळत नाही. आज तिथे दिसणाऱ्या काचांपैकी सुमारे दोन तृतीयांश मूळच्या आहेत असे मानले जाते. शिखराची गोष्ट याहून गमतीची आहे. १८५० नंतरच्या दशकात उभारलेले आजचे शिखर पंधराव्या शतकातील शिखराच्या नमुन्यावर बेतलेले आहे. तेराव्या शतकाच्या वास्तूवर एकोणिसाव्या शतकाने पंधराव्या शतकाचे शिखर ठेवले आणि पाहणाऱ्याला ते सारे एकाच वेळचे वाटते.

जीर्णोद्धार की खोटेपणा, हा वाद त्याच काळात पेटला. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ साली ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात जीर्णोद्धाराला सरळ असत्य ठरवले. जे गेले ते गेले, आहे त्याची निगा राखा, असे त्याचे म्हणणे. उलट व्हियोले-ल-द्युकने पुढे असे प्रतिपादन केले की, वास्तूला पूर्णत्व देणे हाच जीर्णोद्धार, मग तसे पूर्णत्व तिला पूर्वी कधी लाभलेले असो वा नसो. साहित्याच्या माणसाला हा वाद परका वाटत नाही. संहितेचा संपादकही याच दोन टोकांमध्ये वावरतो. तुटलेली ओवी तुटलेलीच छापायची, की छंद आणि अर्थ पाहून पुरी करायची?

या प्रश्नाला आपल्याकडे फार जुने उदाहरण आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, पाठांतरांनी ती अशुद्ध झाली होती हे स्वतःच नोंदवले आणि पुढच्यांनी त्यात स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीद दिली. ते जीर्णोद्धारकच होते, आणि ताकीद पाहिली तर रस्किनच्या पक्षातलेही. त्यांच्या प्रतीने ग्रंथ तारला, यात शंका नाही. पण त्यांनी नेमके कोणते शब्द बदलले, हे त्या प्रतीवरून कळत नाही. म्हणूनच वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापली, तेव्हा विद्वानांत खळबळ झाली. श्रद्धेच्या दृष्टीने एकनाथांची प्रत पुरेशी आहे. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र सांधा कुठे आहे ते कळावेच लागते.

सँत-शापेलच्या बाबतीत हा सांधा दाखवण्याचे काम विसाव्या शतकाने केले. मध्ययुगीन काचचित्रांची देशोदेशीची सूची करण्याचा एक मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प आहे. त्यातील फ्रान्सचा पहिला खंड १९५९ साली प्रसिद्ध झाला, तो नोत्र-दाम आणि सँत-शापेल यांच्या काचांवर. लुई ग्रोदेकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोणती काच जुनी, कोणती नंतरची याची छाननी केली. तो खंड म्हणजे या काचेच्या पोथीची चिकित्सक आवृत्तीच. खिडकीत नवे-जुने एकजीव दिसते. खंडात ते वेगळे काढलेले आहे. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने हाच विवेक नियमाच्या भाषेत मांडला. अनुमान जिथे सुरू होते तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, नवी भर ओळखू यावी, आणि सर्व काळांच्या थरांचा मान राखावा. तिच्या कसोटीवर एकोणिसाव्या शतकातील हे काम उतरणार नाही. तरीही तेव्हाच्या नव्या काचा काढून टाका, असे कुणी म्हणत नाही, कारण आता त्यासुद्धा दीडशेहून अधिक वर्षांच्या झाल्या आहेत. भरही कालांतराने वारसा होते. फक्त ती भर आहे हे कुठेतरी लिहिलेले असावे.

जतनाचा हेतू चांगला असला म्हणून हातून इजा होत नाही, असे नाही. दुसऱ्या महायुद्धात या काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या गेल्या. १९४५ मध्ये त्यांच्यावर बाहेरून संरक्षक रोगण चढवण्यात आले. पुढे ते रोगणच काळवंडले आणि चित्रे झाकोळली. २००८ ते २०१५ या काळात सात वर्षे चाललेल्या कामात काचांवरची ही पुटे काढण्यात आली. सुमारे एक कोटी युरो खर्च आला. त्यातील निम्मा भार देणग्यांनी उचलला. या वेळी काचेवर काहीही चढवले नाही. मूळ काचेच्या उंचसखलपणाबरहुकूम उष्णतेने आकार दिलेले दुसरे पारदर्शक तावदान बाहेरून उभे केले गेले. पाऊस, धूर, थंडी आता ते सोसते. आपल्या नातवंडांना यापेक्षा चांगला उपाय सुचला तर ते तावदान त्यांना काढून टाकता येईल. जतनातील सगळी नम्रता आम्हांला या ‘काढता येईल’मध्ये दिसली.

रोगणाची ही हकीकत ऐकताना आम्हां दोघांना एकच गोष्ट आठवली. एका संग्रहात आम्ही हस्तलिखित पाने प्लास्टिकमध्ये लॅमिनेशन केलेली पाहिली आहेत. ज्याने केली त्याचा हेतू निर्मळ होता. पाने फाटू नयेत एवढेच त्याला हवे होते. आता कागद आत पिवळा पडतो आहे आणि त्याला सोडवायचा मार्ग नाही.

पॅरिसहून परतल्यावर थोड्याच महिन्यांनी आमच्या विभागाकडे एका कुटुंबाने ‘शिवलीलामृता’ची हस्तलिखित पोथी दिली. तिचे पहिले पान नव्हते. देताना घरच्या आजींची एक अट होती. अपुरी पोथी कुठेही ठेवू नये, छापील प्रतीवरून पहिले पान लिहून ती पुरी करावी. शिवरात्रीला त्या स्वतः येऊन वाचतील. आमच्यात यावर बराच वाद झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते की, पोथी आहे तशी राहू द्यावी, आपला हात लागला की ती खोटी झाली. दुसऱ्याचे म्हणणे, पोथी ही वाचण्यासाठी असते. जी वाचली जात नाही ती जपली तरी कशाला? दोन्ही बाजूंनी बोलताना आमच्या डोळ्यांसमोर त्याच खिडक्या होत्या.

अखेर आम्ही नव्या हातकागदावर, मूळ पानांपेक्षा किंचित लहान मापाचे एक पान लिहिले. शाईही वेगळी ठेवली. समासात छापील प्रतीचा उल्लेख, साल आणि हे पान नव्याने लिहिले आहे एवढे नमूद केले आणि ते रुमालात सर्वांत वर ठेवले. आजी शिवरात्रीला आल्या, त्यांनी वाचायला सुरुवात केली ती याच पानापासून. दुसऱ्या पानाशी त्यांचा आवाज न अडखळता जुन्या अक्षराकडे वळला. नव्या पानाची त्यांनी स्तुती केली नाही की त्यावर आक्षेपही घेतला नाही. आमच्या दृष्टीने वादाचा निकाल तेवढ्यावर लागला.

ज्या मुकुटासाठी सँत-शापेल बांधली गेली तो तिथे परतला नाही. क्रांतीतून वाचून १८०६ साली तो नोत्र-दामच्या स्वाधीन झाला. १५ एप्रिल २०१९ च्या आगीतून त्याला बाहेर काढण्यात आले आणि ते चर्च पुन्हा उघडल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये तो तिथे परत आला. सँत-शापेल ही आता रिकामी मंजूषा आहे. तिकीट काढून लोक येतात, संध्याकाळी संगीताच्या मैफली होतात. पूजेतून उठवलेल्या वस्तूचे संग्रहालय होते, तसे तिचे झाले आहे. हे वाईट झाले असे म्हणायचा आम्हांला अधिकार नाही. आम्ही तरी दुसरे काय करतो? कीर्तनातून उचललेला अभंग, पारायणातून उचललेली ओवी आम्ही अभ्यासक्रमाच्या काचेआड ठेवतो आणि पंधरा गुणांचा प्रश्न विचारतो.

पण त्या दालनात उभे असताना ध्यानात आलेली एक गोष्ट आमच्या मनातून अजून जात नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सर्वांत जवळचे, सर्वांत स्पष्ट दिसणारे प्रसंग म्हणजे खालचे दोन मीटर; आणि तेच बहुतांशी एकोणिसाव्या शतकाने भरलेले आहेत. नजर प्रथम त्यांवर पडते, कथेची ओळख तिथे होते, आणि तो धागा धरून ती वर जाते, जिथे अक्षरशः हाताला न लागणारी जुनी काच आहे. नवागताला जुन्यापर्यंत जाण्याची पायरी या नव्या काचांनीच करून दिली आहे. प्रस्तावना, टीपा, शब्दार्थ, वर्गातले विवेचन हे सारे आमचे दोन मीटर आहेत. विद्यार्थी तिथेच थांबला तर तो आम्हांलाच वाचतो. तो वर पाहू लागला तर काम झाले. आणि त्याने कधी विचारलेच की यातले ज्ञानदेवांचे किती आणि तुमचे किती, तर उत्तर समासात लिहिलेले सापडले पाहिजे.